गाडी भरून येते, रिकामी जाते: मोठ्या कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी खात्याला खुलं पत्र

नमस्कार,

शाम्पू, साबण, वेफर्स, बिस्किटं, कॉफी, कोल्ड्रिंक, सॅनिटरी पॅड असं सगळं जगभर विकणाऱ्या मल्टिनॅशनल कंपन्यांमध्ये जे लोक सस्टेनेबिलिटीचं, म्हणजे पर्यावरण जपायचं, खातं सांभाळतात त्यांना हे पत्र आहे, अंधेरी-बीकेसीत बसणाऱ्यांना आणि लंडन-अटलांटाला बसणाऱ्यांनाही. तुमच्यात मराठी माणसं भरपूर असणार म्हणून मराठीतच लिहितेय, ज्यांना वाचता येईल त्यांनी बाकीच्यांना समजावून सांगावं.

माझं रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं, गेली चौदा वर्षं मी बघतेय. तुमच्या डिस्ट्रिब्युटरच्या पुढची, अगदी शेवटची कडी म्हणजे मी.

आमच्याकडे दर मंगळवारी गाडी येते. शुक्रवारी सेल्समन येऊन मोबाईलवर ऑर्डर घेतो, मंगळवारी टेम्पो माल उतरवतो, आणि हे वर्षानुवर्षं चुकत नाही. जुलैत घाटात दरड आली, एसटी बंद झाली, चार दिवस लाईट नाही, तरी रस्ता मोकळा झाला की पहिली जी चार चाकं गावात शिरतात त्यात तुमची गाडी असते. मला याचं खरंच कौतुक वाटतं. आमच्या वरच्या वाडीत अजून धड पक्का रस्ता नाही पण तिथल्या टपरीवर एक रुपयाच्या शाम्पूची माळ लटकलेली असते. एवढं नेटवर्क सरकारलाही उभं करता आलेलं नाही.

आणि ती गाडी परत जाताना रिकामी जाते. अगदी पूर्ण रिकामीही नाही, एक्सपायरी झालेला आणि डॅमेज माल ती उचलते, पोचपावती देते, आणि माझ्या पुढच्या बिलातून तेवढे पैसे कमी होतात. म्हणजे माल उलटा नेण्याची पद्धत तुमच्याकडे आहे, त्याचा फॉर्म आहे, त्याचा हिशोब ठेवणारा माणूस आहे. फक्त तो माल विकला जाऊन वापरून झाला आणि मागं नुसतं प्लास्टिक उरलं की ते तुमचं राहत नाही, ते माझ्या गावाचं होतं. मला जे बोलायचंय ते एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

आमच्या गावात घंटागाडी नाही. भंगारवाला महिन्यातून एकदा येतो, तो पुठ्ठा घेतो, लोखंड घेतो, पाण्याच्या बाटल्या घेतो, दुधाच्या पिशव्या धुवून ठेवल्या असतील तर घेतो. शाम्पूची पुडी, वेफर्सचं पाकीट, बिस्किटाचं रॅपर, कॉफीची पुडी याला तो हातही लावत नाही. त्याचं बरोबर आहे, ते घेऊन तो करणार काय. वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी दिसतं ना, तो प्लास्टिकवर बसवलेला ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, त्यावर छपाईची दुसरी फिल्म, मध्ये चिकटवायचा पदार्थ, आणि हे थर एकदा चिकटले की परवडेल अशा खर्चात पुन्हा सुटे होत नाहीत. त्यात पुडीचं वजन ते किती, ढीगभर पुड्या वेचाव्या तेव्हा कुठं किलो होणार आणि त्या किलोला भाव शून्य. मग ते सगळं जातं कुठं तर पऱ्यात, म्हणजे ओढ्यात जातं, बागेच्या गडग्यापाशी जातं, गुरांच्या पोटात जातं, भाजावळीत जळतं. आणि एक गोष्ट तुमच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नसेल म्हणून मुद्दाम सांगते. पावसाळ्यात लाकडं ओली असतात, चूल पेटत नाही, तेव्हा कितीतरी घरात बायका हीच पाकिटं चुलीत घालून जाळ करतात कारण ती झटकन पेटतात. तो काळा धूर त्यांच्या आणि पाठीशी बसलेल्या पोरांच्या छातीत जातो. मी सांगते त्यांना, नका करू असं, पण मी सांगायचं आणि तीच पाकिटं मीच विकायची, माझं तरी कोण ऐकणार?

तुमचं उत्तर मला माहितीय, तुमच्या लोकांच्या मुलाखतींत वाचलंय. सॅशे, म्हणजे पुडी, ही गरिबांसाठी आहे, ज्याला शंभर रुपयांची बाटली परवडत नाही त्याला एक रुपयात चांगला शाम्पू मिळतो. यातलं अर्धं मला पटतं. काजूच्या फॅक्टरीत रोजावर जाणारी बाई शनिवारी दोन पुड्या घेते, तिला कमी लेखायचा हक्क कोणालाच नाही. सॅशेची आयडियासुद्धा मुळात परदेशी कंपनीची नाही, तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकायला सुरुवात केली, मोठ्या कंपन्या त्याच्या मागनं आल्या. पण थोडं थोडं विकायला पुडीच लागते हे काही खरं नाही. सासरे सांगायचे, खोबरेल तेल, गोडं तेल, रॉकेल सगळं सुटं विकायचे, माणूस आपली बाटली घेऊन यायचा आणि पावशेर, छटाक, जेवढे पैसे हातात तेवढं घेऊन जायचा. गरिबाला परवडेल एवढं थोडं विकणं हे आमच्याकडं तुमच्या आधीपासून होतं, त्यात कचरा नव्हता एवढाच फरक.

आता सुट्या मालात भेसळ व्हायची हेही खरंय आणि ते लपवायचं कारण नाही. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलानं माणसं मेली, त्यानंतर सुट्या खाद्यतेलावर बंधनं आली, ती बरोबरच होती. पण शाम्पू किंवा भांड्याचा साबण कंपनीनेच सीलबंद टाकीत भरून दिला आणि दुकानात खालच्या नळातून मोजून निघाला तर भेसळ कुठून होणार? चिलीमध्ये अल्ग्रामो नावाची कंपनी हेच करते, त्यांच्या नावाचाच अर्थ ग्रॅमच्या हिशोबानं असा आहे, आणि तुमच्यातल्या युनिलिव्हरने त्यांच्यासोबत काम केलंय. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२१ मध्ये मुंबईत एका सुपरमार्केटमध्ये रिफिल मशीन लावलंही होतं. पण सुपरमार्केटमधलं गिऱ्हाईक मुळात पुडी घेतच नाही हो, ते मोठी बाटलीच घेतं. पुडी जिथं विकली जाते तिथं मशीन लावा, म्हणजे आमच्याकडं. लाईट जाते म्हणाल तर हातानं दाबायचा पंप द्या, सासऱ्यांचा रॉकेलचा पंप लाईटवर नव्हता चालत.

आता आकड्यांबद्दल बोलूया, तुम्हाला आकडे आवडतात.

ग्रीनपीस या पर्यावरणाच्या संस्थेने २०२३ मध्ये हिशोब मांडला होता की एकटी युनिलिव्हर वर्षाला ५,३०० कोटी सॅशे विकते, सेकंदाला साधारण १,७००. २०२४ च्या एप्रिलमध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला, ८४ देशांत स्वयंसेवकांनी पाच वर्षं कचरा वेचून त्यावरची नावं मोजली. निम्म्या कचऱ्यावर तर नाव वाचताच येत नव्हतं, पण ज्यावर नाव होतं त्यातला निम्म्याहून जास्त फक्त ५६ कंपन्यांचा निघाला, कोकाकोला ११ टक्के, पेप्सिको ५, नेस्ले ३, डॅनोन ३. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की कंपनीने प्लास्टिक एक टक्का जास्त वापरलं की कचऱ्यात तिचं प्लास्टिक साधारण एक टक्का वाढतं. म्हणजे लोकांना शिस्त नाही, गावात जागृती नाही, हे जे आम्हाला नेहमी ऐकवलं जातं त्याच्या आधी माल किती बाहेर पडतो हा प्रश्न येतो, आणि तो आकडा ठरवणं आमच्या हातात नाही, तुमच्या आहे.

आणि तुम्ही तो ठरवला होता, स्वतःहून. युनिलिव्हरने २०१९ मध्ये शब्द दिला की २०२५ पर्यंत नवं, म्हणजे रिसायकल न केलेलं, प्लास्टिक निम्मं करू. २०२४ मध्ये सांगितलं की निम्मं नाही, २०२६ पर्यंत ३० टक्के कमी करू. सगळं पॅकिंग २०२५ पर्यंत रिसायकल, रियूज किंवा कंपोस्ट होईल असं करू म्हणाले होते, ते कडक पॅकिंगसाठी २०३० वर गेलं आणि मऊ पॅकिंगसाठी, म्हणजे आमच्या पुडीसाठी, थेट २०३५ वर. कोकाकोला २०२२ मध्ये म्हणाली २०३० पर्यंत २५ टक्के माल परत भरता येणाऱ्या बाटल्यांतून वगैरे विकू, डिसेंबर २०२४ मध्ये ते टार्गेटच काढून टाकलं. विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे एक गोळा करू असं होतं, ते ७० ते ७५ टक्के आणि तेही २०३५ पर्यंत असं झालं. पेप्सिकोने मे २०२५ मध्ये परत वापरायच्या पॅकिंगचं टार्गेट सोडलं आणि नेट झिरो, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच काढून घेऊ हे टार्गेट, २०४० वरून २०५० वर नेलं.

मी पतपेढीचं कर्ज काढून फ्रिज घेतला. तीन हप्ते चुकले तर घरी माणूस येतो, मी त्याला सांगू शकत नाही की परिस्थिती बदलली म्हणून दहा वर्षांनी देते. तुमच्याकडं मात्र कोणी माणूस येत नाही. जगभरच्या सरकारांनी मिळून प्लास्टिकचा करार करायचं २०२२ मध्ये नैरोबीत ठरवलं, बुसानला २०२४ मध्ये तो झाला नाही, जिनिव्हात ऑगस्ट २०२५ मध्येही नाही. मी वाचलं की तुमच्यातल्याच काही मोठ्या कंपन्या एकत्र येऊन कडक करार करा म्हणून मागणी करतायत, नियम सगळ्यांना सारखे असले तर आम्हाला बरं पडेल म्हणतायत. हे चांगलंच आहे आणि मी त्यावर शंका घेत नाही. पण मग रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०२२ मध्ये जी बातमी दिली की भारतात आणि फिलिपिन्समध्ये सॅशेवर बंदीचा विचार चालू होता तेव्हा तो हाणून पाडायला युनिलिव्हरनेच मागून प्रयत्न केले, तिचं काय करायचं? जिनिव्हात नियम हवा आणि दिल्लीत नको हे मला नाही समजत.

कायद्याचं सांगते. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमात लिहिलं होतं की रिसायकल न होणारं थरांचं प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. दोन वर्षं संपायला आली आणि मार्च २०१८ मध्ये त्यात शब्द घातले, रिसायकल होत नसेल, त्यापासून ऊर्जा काढता येत नसेल आणि त्याचा दुसरा काही उपयोग नसेल तरच बंद. आता जाळता तर सगळंच येतं, ऊर्जा निघतेच, म्हणजे काहीच बंद झालं नाही. त्याच महिन्यात, त्याच मार्च २०१८ मध्ये आमच्या महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली. पहिला दंड ५,०००, दुसरा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. माझ्याकडच्या कॅरीबॅग मी त्याच आठवड्यात काढल्या, आजपर्यंत गिऱ्हाईकाला पेपरात बांधून देते किंवा पिशवी घेऊन या म्हणून परत पाठवते, भांडणंही झाली त्यावरून. तो नियम चांगला होता आणि मी तो पाळते. पण कंपनीतूनच पॅक होऊन येणारा माल त्या बंदीतून वगळला होता. मी पाच रुपयांची साखर पातळ पिशवीत दिली असती तर गुन्हा, आणि माझ्या डोक्यावर पुड्यांच्या तीस माळा लटकतायत तो धंदा. २०२२ च्या १ जुलैला केंद्राची बंदी आली त्यात कान कोरायच्या काड्या आल्या, स्ट्रॉ आले, थर्माकोल आलं, शाम्पूची पुडी नाही आली.

त्याऐवजी तुमच्यावर ईपीआर आला, म्हणजे जेवढं प्लास्टिक बाजारात सोडाल तेवढ्याची जबाबदारी तुमची, २०२३-२४ पासून १०० टक्के. वाचताना मला खूप बरं वाटलं होतं, वाटलं आता कोणीतरी येईल. कोणी आलं नाही कारण तुम्हाला इथं यायची गरजच नाही, कुठल्यातरी रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घेतलं की सरकारी पोर्टलवर हिशोब जुळतो. माझ्या गावातली पुडी पऱ्यातच राहते आणि कागदावर तिचा निपटारा झालेला असतो. त्यातही २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी केली तर गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटकातल्या काही रिसायकलरनी सहा लाखांवर खोटी सर्टिफिकेटं काढलेली सापडली. थरांच्या प्लास्टिकचं रिसायकलिंग २०२४-२५ ला ३० टक्के आणि २०२७-२८ पर्यंत ६० टक्के करायचंय, उरलेलं सिमेंटच्या भट्टीत जाळलं तरी चालतं. आमच्या चुलीत जळतं आणि तुमच्या भट्टीत जळतं, भट्टीत ताप जास्त असतो म्हणून धूर कमी विषारी हे मला मान्य आहे, पण त्याला चक्राकार अर्थव्यवस्था, म्हणजे वस्तू पुन्हापुन्हा वापरात आणणं, म्हणू नका.

कंपनीला जाग येते ती कशी येते ते पुण्याच्या बायकांनी दाखवलंय. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, कचरा वेचणाऱ्यांची संघटना, त्यातनं २००८ मध्ये स्वच्छ संस्था झाली आणि महापालिकेसाठी दारोदार कचरा घ्यायला लागली. रोज वापरलेले पॅड उघड्या हातानं वेगळे करायला लागायचे त्यांना. २०१३ मध्ये त्यांनी काय केलं तर ते वापरलेले पॅड गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांनाच पाठवून दिले. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दुकानात एकटीच बसले होते आणि अक्षरशः डोळ्यात पाणी आलं, कारण कोणीतरी तो माल योग्य पत्त्यावर पोचवला होता. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमात मग आलं की पॅड गुंडाळून टाकायला कागद किंवा पाऊच कंपनीने द्यायचा.

आणि परत घेणं जमत नाही असं तर कोणीच म्हणू नये. कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटल्यांचं कॅरेट आमच्या दुकानात यायचं, चोवीस बाटल्या, डिपॉझिट भरायचं, रिकाम्या चोवीस दिल्या की भरलेल्या चोवीस. लग्नात बाटली फुटली तर नवऱ्या मुलाच्या बापाला भरून द्यावी लागायची, म्हणून पोरं मंडपात फिरून एकेक बाटली शोधून आणायची, एकही पऱ्यात जायची नाही. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर डिपॉझिट आहे, आता २५ सेंट, आणि जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येतात, तिथं याच कंपन्या धंदा करतात, कोणी बंद पडलं नाही. लांब कशाला, निलगिरीत सरकारी दारूच्या दुकानात २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये जादा घेतात आणि रिकामी दिली की परत देतात, जंगलात हत्तींच्या पायाला काचा लागायच्या म्हणून हे केलं, आणि ते चाललं. आपल्या शेजारी गोव्यानेही २०२४ मध्ये डिपॉझिटची स्कीम जाहीर केलीय. तिला तुम्ही विरोध करू नका, एवढंच आत्ता म्हणते.

माझं मागणं मोठं नाही, मी नेट झिरो मागत नाहीये. एक तालुका घ्या. आमचाच घ्या, किंवा जिथं तुमचं नेटवर्क सगळ्यात भक्कम असेल तो घ्या. त्या तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात एक जाड गोणी द्या, रिकाम्या पुड्या आणि पाकिटं मी गिऱ्हाईकाकडून घेते, पाच पुड्या आणल्या की एक चॉकलेट किंवा आठ आणे, जे ठरेल ते, पोरं गाव झाडून आणतील बघा. मंगळवारी गाडी माल उतरवेल आणि गोणी उचलेल, वजन करून माझ्या पुढच्या बिलातून तेवढे पैसे कमी करेल, जसे एक्सपायरीचे करते तसेच. गाडीचा डिझेल खर्च वाढत नाही, ती तशीही परत जातेच. तालुक्याच्या गोदामात ते सगळं एकत्र आलं की त्याचं काय करायचं हे तुम्ही बघा, आणि तेच मला हवंय, ते ओझं तुमच्या गोदामात पडलं की वर्षभरात तुमचेच इंजिनिअर एका थराचं, रिसायकल होणारं पाकीट काढतील याची मला खात्री आहे. आत्तापर्यंत ते ओझं तुम्ही कधी उचललंच नाही, मग पाकीट बदलायची घाई तुम्हाला का असेल? आणि तुमच्या वार्षिक रिपोर्टमध्ये किती टन गोळा केलं असा एक आकडा छापता त्याऐवजी तालुक्याप्रमाणे छापा, संगमेश्वरात किती पाठवलं, संगमेश्वरातून किती परत आणलं. पाठवलं किती हे तर तुम्हाला पुडीगणिक माहिती असतं, सेल्समनच्या मोबाईलमध्ये असतं.

गेल्या महिन्यात पाऊस सुरू व्हायच्या आधी आम्ही बचत गटाच्या बायकांनी शाळेमागचा पऱ्या साफ केला, दोन तास, आठजणी. दोन गोण्या भरल्या. कुठल्या कंपन्यांची नावं होती ते इथं लिहीत नाही, कारण ती एकदोघांची नाहीत. त्या गोण्या ग्रामपंचायतीकडे न्यायच्या तर त्यांच्याकडं टाकायला जागा नाही, जाळायला आम्हाला मन होत नाही. म्हणून दुकानाच्या मागच्या पडवीत ठेवल्यात, तोंड बांधून, पावसाचं पाणी लागणार नाही अशा.

मंगळवारी ड्रायव्हरदादाला विचारलं होतं, नेता का. चांगला माणूस आहे, त्याची तयारी होती. म्हणाला, ताई, गाडीत जागा आहे हो, पण वरून ऑर्डर नाही.

ती ऑर्डर तुम्ही काढायची आहे. गोण्या पडवीत आहेत.

आपली,
एक किराणा दुकानदार, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी